हप्ता आषाढातही येतो

२०१३ च्या श्रावणात मी आठ हजारांचं कर्ज काढलं, तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांच्या माहेरची चार एकर जमीन सावकाराच्या घशात गेली होती. कर्ज म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तेच यायचं. आज त्याच सासूबाई महिन्याच्या पाच तारखेला सकाळी चहा ठेवता ठेवता विचारतात, "हप्त्याचे पैसे बाजूला काढलेस ना गं?"

आमचं गाव बार्शी. तुरीच्या आणि ज्वारीच्या बाजारपेठेचं गाव. हे आडतीवर दिवाणजी आहेत. लग्नात आईनं मला तिची वापरलेली पायमशीन दिली, तिच्यावर मी गल्लीतले ब्लाऊज आणि परकर शिवायची. २०१२ मध्ये आम्ही अकरा जणींनी बचत गट काढला, महिन्याला शंभर रुपये बचत. तेव्हापासून मशीनसाठी किंवा मालासाठी मी पाच वेळा कर्ज घेतलं. चार फिटली, पाचव्याचा शेवटचा हप्ता पुढच्या महिन्यात जाईल. गटात नव्यानं आलेल्या मुली विचारतात, "ताई, कर्ज घेऊ का?" हे उभ्याउभ्या सांगून होणारं काम नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते आहे.

१. आधी पंधरा दिवस वही लिहा

मला भरतकामाची मशीन हवी होती. बाजारात एका दुकानाच्या काचेत ती बघितली होती आणि रात्री डोळे मिटले तरी तीच दिसायची. गटाच्या अध्यक्षा काकू भाजी विकतात, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी मला बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "भरतकाम करून दे म्हणून किती बायका तुझ्या दारात आल्या?" मला आकडा सांगता येईना. "मग आधी लिही. पंधरा दिवस. कोण आलं, काय मागितलं, तुझं काम कुठं अडलं."

लिहिलं. पंधरा दिवसांत भरतकाम विचारणाऱ्या निघाल्या दोन. फॉल-पिकोला साडी घेऊन आलेल्या एकोणीस! त्या साड्या मी पेठेतल्या पिकोवाल्याकडे न्यायची. तो चाळीस रुपये घ्यायचा, वर मला दहा सुटायचे. जाण्यायेण्यात आणि त्याच्या दारात थांबण्यात रोजचा तास जायचा. त्याहून मोठं नुकसान वहीमुळे ध्यानात आलं. ज्या बायका साडी थेट त्याच्याकडे टाकायच्या, त्या ब्लाऊजही तिथंच टाकून यायच्या. साडी जाते तिकडे ब्लाऊज जातो.

मी पिकोची मशीन घेतली. गटातलं अंतर्गत कर्ज आठ हजार, दर महिन्याला दोन टक्के, उरलेल्या रकमेवर. दहा महिन्यांत फेडलं, सगळं मिळून व्याज गेलं ८८० रुपये. गौरी-गणपतीच्या आधी मशीन घरात आली आणि त्या एका महिन्यात साठच्या वर साड्या झाल्या.

वहीत अजून एक गोष्ट निघाली. एका ब्लाऊजला मशीनवर सव्वा तास लागत होता आणि हूक, आय, गळ्याची नि बाहीची हातशिलाई यांत पाऊण तास. त्यावर कुठल्याच मशीनचा उपाय नव्हता. समोरच्या काकूंच्या हाताचा टाका फार सुंदर, गुडघ्यांमुळे त्या बाहेर पडू शकत नाहीत. ब्लाऊजमागे पंधरा रुपये ठरवून ते काम त्यांच्याकडे दिलं. माझी अर्धी अडचण अशी कर्ज न काढताच सुटली. वही लिहिली नसती तर मी भरतकामाची मशीन आणली असती, आणि तिच्यावर चादर घालून ठेवायची वेळ आली असती.

२. हप्ता ब्लाऊजांत मोजा

शिवणयंत्र आणि हप्ता ही जोडी फार जुनी आहे. अमेरिकेत सिंगर कंपनीनं १८५६ मध्येच मशीन हप्त्यानं द्यायला सुरुवात केली. घरात वापरायची इतकी महाग वस्तू एकरकमी घेणं तेव्हाही सगळ्यांना झेपत नव्हतं. म्हणजे माझ्या आधी दीडशेहून जास्त वर्षं बायका मशीन चालवूनच मशीनचे पैसे फेडत आल्या आहेत. हे मला एका प्रशिक्षणात कळलं आणि उगीच बळ आलं.

२०१६ मध्ये बँकेनं गटाला कर्ज दिलं, त्यातले पंचवीस हजार माझ्या वाट्याला आले. त्यातून मी जुकी मशीन घेतली, टेबल आणि मोटरसकट. महिन्याला एक टक्का व्याज, वीस महिने. पहिला हप्ता १,५०० रुपयांचा. मी घाबरले होते. तेव्हा ह्यांनी कागद पुढे ओढला.

अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई तेव्हा मी १८० घ्यायची. अस्तर ३५, दोरा, हूक आणि नाडी १०, काकूंची हातशिलाई आता २०, वीज, तेल, सुई धरून ५. हातात राहतात ११०. म्हणजे १,५०० चा हप्ता भरायला १४ ब्लाऊज. पायमशीनवर मी महिन्याला पस्तीसेक ब्लाऊज करायची, जुकीवर पन्नासच्या पुढे जाणार होते. वाढलेल्या कामातूनच हप्ता निघणार असेल तर भ्यायचं कशाला?

हा हिशेब झाला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की साधा ब्लाऊज मी ८० रुपयांत शिवायची त्यात माझ्या पदरात फारसं काही पडतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दर वाढवला. दोन बायका रुसल्या, त्यातली एक दिवाळीला परत आली.

३. पंचांग बघून कर्ज घ्या

हे सगळ्यांत महत्त्वाचं. इथंच माझे हात पोळलेत, म्हणून सविस्तर सांगते.

शिलाईचा धंदा बारा महिने सारखा चालत नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नाचे ब्लाऊज सुरू होतात. पौषात मुहूर्त नसतात, पण संक्रांतीच्या काळ्या साड्या आणि हळदीकुंकवानं ते दिवस निघून जातात. माघापासून वैशाखापर्यंत मान वर करायला फुरसत नसते. जूनमध्ये गणवेश, पिशव्या, दप्तरांची दुरुस्ती. मग येतो आषाढ. वारी पंढरपूरला पोचलेली असते, शेतकऱ्याचा पैसा पेरणीत गेलेला असतो, दारात कुणी येत नाही. नागपंचमीपासून परत हालचाल, गौरींना गर्दी, पितृपक्षात शांतता, आणि दसरा-दिवाळीला रात्रीचे दोन. माझ्या वहीत दिवाळीच्या महिन्याची शिलाई १४,००० आणि आषाढाची ३,२०० अशी नोंद आहे. एकाच बाईची, एकाच मशीनवरची.

हप्त्याला मात्र आषाढ नसतो. तो दर महिन्याला तेवढाच येतो.

२०१८ च्या एप्रिलमध्ये मी तीस हजारांचं तिसरं कर्ज घेतलं. गटातून नाही, घरी येऊन कर्ज देणाऱ्या एका संस्थेकडून. लग्नसराई भरात होती, रोज हातात पैसा खेळत होता. अशा दिवसांत हप्ता किरकोळ वाटतो. मॅचिंगचे ब्लाऊजपीस आणि परकर घरात ठेवायचे, शिवायला आलेल्या बाईनं तिथंच कापड घ्यावं, असा बेत होता. सोलापूरच्या चाटी गल्लीत जाऊन वीस हजारांचा माल उचलला. बेत वाईट नव्हता. वेळ वाईट होती.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, १६ मे ते १३ जून. अधिकमासात लग्नं होत नाहीत. ऐन मेच्या मध्यापासून, जेव्हा माझी चांगली कमाई होते, तेव्हाच मुहूर्त नव्हते. धोंड्याच्या जेवणासाठी लेकी-जावयांच्या थोड्या साड्या आल्या, बाकी सगळं शांत. पुढे निज ज्येष्ठ संपला की आषाढ. घरात परकरांचे गठ्ठे, त्यात मी हौसेनं घेतलेले मोरपंखी आणि राणी रंग कुणी विचारीना. महिन्याला २,८०० चा हप्ता. जुलैच्या हप्त्याला मी कानातले गहाण ठेवले.

पंचांग घरात भिंतीवर होतं. दाते पंचांग तर आमच्या सोलापुरातच निघतं. अधिकमास त्यात आधीच छापलेला होता. मी उपवासाचे दिवस बघायला ते उघडत होते, हप्त्यासाठी कधी उघडलं नव्हतं.

आता माझा नियम असा आहे. मशीनचं कर्ज हंगामाच्या दोन महिने आधी घ्यायचं, कारण जुकीच्या वेगाला हात बसायला मला तीन आठवडे लागले होते आणि पहिल्या आठवड्यात दोन ब्लाऊज बिघडवून भरून द्यावे लागले होते. मालासाठीचं कर्ज गौरींच्या आधी घ्यायचं, म्हणजे दिवाळीपर्यंत माल निघतो. आणि घरात तीन डबे. एकात माल, एकात घरखर्च, एकात हप्ता. दिवाळीत आणि चैत्र-वैशाखात हप्त्याच्या डब्यात दुप्पट टाकायचे. तीन हप्ते पुढचे साठल्याशिवाय त्या डब्याला हात लावायचा नाही. सासूबाई विचारतात ते याच डब्याबद्दल.

४. व्याजाचा टक्का तोंडी ऐकू नका

ते तीस हजार घेताना मला "वर्षाला बाराच टक्के" असं सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, गटाच्या बँक कर्जालाही एक टक्का महिन्याला, म्हणजे सारखंच. सारखं नव्हतं.

जाऊबाईंचा मुलगा तेव्हा बी.कॉम.ला होता. कानातले गहाण पडल्यावर त्यानं कागद बघितला. बारा हप्ते, प्रत्येकी २,८००. म्हणजे परत द्यायचे ३३,६००, व्याज ३,६००. पण हे व्याज पूर्ण तीस हजारांवर पूर्ण वर्षभर लावलेलं होतं. मी तर दर महिन्याला मुद्दल फेडत होते. सहाव्या महिन्यात माझ्याकडे निम्मेच पैसे उरले होते, तरी व्याज तीस हजारांचंच चालू. खरे बारा टक्के, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर असते, तर वर्षाचं व्याज दोन हजारांच्याही आतच राहिलं असतं. मी जे देत होते तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जात होता. त्यात सुरुवातीलाच फी आणि विम्याचे ९०० कापून माझ्या हातात २९,१०० च टेकवले होते. ते धरले तर २७ टक्क्यांच्या वर.

महाग कर्ज कधीच घेऊ नये असं मी म्हणणार नाही. घरी येऊन, कागदपत्रांचा जाच न करता देणारे थोडे जास्त घेणारच. पण किती जास्त, ते घेणारीला आधी माहीत पाहिजे. विचारायचे प्रश्न दोनच. व्याज पूर्ण रकमेवर की उरलेल्या रकमेवर? आणि सगळं कापून हातात नेमके किती येणार? हे लेखी द्या म्हणायचं. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नवे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेत. घराचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर त्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज या नियमांत येतं. व्याज, फी, विमा सगळं एका सोप्या पत्रकात लिहून द्यावं लागतं. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. वसुलीचा फोन सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर करायचा नाही. २०१८ मध्ये यातलं काही हाताशी असतं तर मी निदान प्रश्न तरी विचारले असते.

"आम्हाला कुठं एवढा हिशेब येतो" असं कुणी म्हटलं की मी म्हसवडची गोष्ट सांगते. शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं दुष्काळी गाव. चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायकांना घेऊन बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण सह्यांच्या जागी अंगठे होते. त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी सोडवून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाजारात बसून शेरा-मापट्याचा हिशेब करणाऱ्या बाईला टक्केवारी अवघड नसते. तिला ती कुणी नीट मांडून दाखवलेली नसते, एवढंच.

५. ठेकेदाराची उचल हेही कर्जच

सोलापूर गणवेशांसाठी ओळखलं जातं. तिथलं कापलेलं कापड आसपासच्या गावांत घराघरांत शिवायला जातं. २०१७ मध्ये एका ठेकेदारानं मला तीनशे फ्रॉकचं काम दिलं, नगाला ४५ रुपये. पाच हजार आगाऊ दिले. मला ते देवासारखे वाटले.

पाच हजार घेतले म्हणून मग दुसऱ्याचं काम घेता येईना. माल परत आला तेव्हा साठ फ्रॉक "शिलाई वाकडी" म्हणून बाजूला काढले. त्यातले बरेचसे कापतानाच तिरके कापलेले होते. बाकीचे पैसे तीन महिन्यांनी आले, दर ४० लावून. मी ज्या दोघींकडून काम करून घेतलं होतं, त्यांना मात्र मी शनिवारच्या शनिवारी पैसे दिले होते, हप्त्यासाठी ठेवलेल्या पैशांतून.

पुढे कधीतरी बांगलादेशातल्या जोब्रा गावाबद्दल ऐकलं. १९७६ मध्ये महंमद युनूस तिथं गेले, तेव्हा बांबूचे मोढे विणणारी एक बाई त्यांना भेटली. बांबूला पैसे नाहीत म्हणून ती व्यापाऱ्याकडून उसने घ्यायची, आणि मोढा त्याच व्यापाऱ्याला, त्याच्याच भावानं द्यायची. दिवसभराच्या कामाचे तिला पन्नास पैसे उरायचे. अशा ४२ जणांना मिळून लागणारी रक्कम निघाली ८५६ टाका, तेव्हाचे २७ डॉलर. युनूस यांनी ती स्वतःच्या खिशातून दिली आणि त्यातूनच पुढे ग्रामीण बँक उभी राहिली. मी ती गोष्ट ऐकली आणि माझे फ्रॉक आठवले. त्या बाईला बांबू हवा होता, मला तीन महिने थांबायची ताकद हवी होती. थांबायची ताकद नसलेल्या माणसाला भाव सांगता येत नाही.

आता गणवेशाचं काम येतं तेव्हा मी आगाऊ घेत नाही. दोघींच्या तीन आठवड्यांच्या मजुरीपुरतं गटातून उचलते, त्याचं व्याज दोन-अडीचशेच्या वर जात नाही. दर, नग आणि पैशाची तारीख कागदावर घेते. कापलेलं कापड घेतानाच मोजून, पसरून बघते. गेल्या वर्षी एकाला "नाही" म्हटलं. तो "नाही" मला दोन-अडीचशे रुपयांच्या व्याजानं मिळालेला आहे, आणि तो स्वस्त आहे.

६. उधारी

गल्लीतली बाई "नंतर देते गं" म्हणते तेव्हा मी तिला कर्ज देत असते. बिनव्याजी, बिनमुदतीचं, आणि मी स्वतः व्याजानं आणलेल्या पैशातून. ओळखीपुढे तोंड उघडत नाही, हे मला माहीत आहे, माझंही उघडत नव्हतं. मी फक्त एक बदल केला. अस्तराचे आणि सामानाचे पैसे माप घेतानाच घ्यायचे, शिलाई नेताना. बदलाच्या आधी वहीत ६,७०० ची उधारी होती. त्यातले हजारभर कधी आलेच नाहीत.

७. कर्ज माझ्या नावावर, मग पैसाही माझ्या हातात

२०१६ चे पंचवीस हजार खात्यावर आले त्या रात्री हे म्हणाले, दहा हजार मोटारसायकलला भरू, मशीन थोडी जुनी बघ. ते काही वाईट माणूस नाहीत. रोज सायकलनं मार्केट यार्डात जात होते, उन्हातान्हात. मला वाईट वाटलं, पण मी नाही म्हटलं. आमचं चार दिवस बोलणं तुटलं. सासूबाई कुणाची बाजू घेतील याची मला खात्री नव्हती. पाचव्या दिवशी जेवताना त्या ह्यांना म्हणाल्या, "सही तिची आहे. उद्या दारात कोण आलं तर तिलाच बोलावतील."

त्याच रात्री ह्यांनी कागद घेऊन तो ब्लाऊजांचा हिशेब मांडला, जो वर सांगितला. कीर्द कशी लिहायची, जमा कुठं, नावे कुठं, ते त्यांनीच मला शिकवलं. आडतीवर ज्या हातानं लाखांची खतावणी लिहितात, त्याच हातानं माझ्या हूक-बटणांची लिहिली. मोटारसायकल दोन वर्षांनी आली. तिच्यावर मागे बसून मी आता दिलेल्या तारखेला ऑर्डर पोचवते.

बाहेरच्यांना मात्र नाही म्हणायला मी शिकले नव्हते. २०१८ च्या तीस हजारांतून नऊ हजार मी मामेभावाला दिले, "महिन्यात देतो ताई" म्हणाला म्हणून. ते सव्वा वर्षानं आले. कानातले गहाण पडले त्याला अधिकमास जेवढा कारण, तेवढंच हेही. बहिणीनं भावाला नाही कसं म्हणायचं? म्हणता येतं. "गटाचे पैसे आहेत, माझे नाहीत" एवढं म्हटलं की पुरतं, आणि ते खरंही असतं.

८. उजेड

पहिल्या कर्जातून मशीन घेऊन साडेतीनशे उरले होते. त्यात मशीनवर एक चांगला दिवा लावला. रात्री काळ्या कापडावर काळा टाका घालून माझं डोकं दुखायचं, ते थांबलं. पाठ टेकायची खुर्ची मात्र घ्यायला मी सात वर्षं लावली आणि त्या सात वर्षांचं दुखणं अजून कमरेत आहे. मुलींनो, खुर्ची आधी घ्या.

९. गटाचा टेकू आणि गटाचं ओझं

देशात बचत गटांना बँकांशी जोडायला नाबार्डनं १९९२ मध्ये सुरुवात केली, पाचशे गटांपासून. त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. तारण काय, तर एकमेकींचा शब्द. आमच्या गटाचंही तेच. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाची वही, ही पंचसूत्री आम्ही दर बैठकीला म्हणतो.

पण शब्दाच्या तारणाला एक धारही असते. आमच्यातली एक जण २०१९ मध्ये तीन हप्ते चुकली. नवऱ्याला काविळीनं दवाखान्यात ठेवलं होतं. बँक गटाला ओळखते, एका बाईला नाही, म्हणून तिचे हप्ते आम्हा दहा जणींवर पडले. बैठकीत दोघी तिला फार लागेल असं बोलल्या. ती पुढच्या बैठकीला आली नाही. तिच्या घरी जाऊन मीही आधी हप्त्याचंच बोलले, आजाराचं नंतर विचारलं. ते मला आजही खातं.

२०१० मध्ये आंध्रात अशाच कर्जांची वसुली इतकी टोकाला गेली की माणसांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला. दारात घोळका करून उभं राहणाऱ्यांत गटातल्याच बायका असायच्या. म्हणून आम्ही गटात एक ठराव केला. चुकलेल्या बाईच्या घरी अध्यक्षा आणि एक जण, दोघीच जायचं, आणि आधी घरातलं विचारायचं. महिन्याला प्रत्येकीनं वीस रुपये वेगळे काढायचे, ते आजारपणासाठी. त्या निधीतून तिचे दोन हप्ते गेले. ती पुढे सगळं फेडून आजही गटात आहे, शेवया करते.

कोरोनात तो निधी सगळ्यांनाच कामी आला. मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते थांबवायची सवलत होती. पुष्कळ जणींना वाटलं की व्याजही थांबलं. ते चालूच होतं. मास्क शिवून मी जे मिळेल त्यातून गटातून उचललेल्या पैशांचं निदान व्याज तरी भरत राहिले. शेवया करणारी ती तेव्हा रोज माझे कान टोचायची, "ताई, थोडं का होईना भर."

१०. मिळतं तेवढं सगळं घेऊ नका, पण वेळ आली की भिऊही नका

२०२१ मध्ये मुद्रा योजनेतून मला पन्नास हजार मिळत होते, शिशू गटात तेवढी मर्यादा आहे. मी पंधरा घेतले. मला इंटरलॉक मशीनच हवी होती, आणि कोरोनानंतरची लग्नं कशी होतील याचा कुणालाच अंदाज नव्हता. आठ महिन्यांत फेडले.

२०२४ मध्ये मात्र लाखाला लाख घेतले. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या अठरा कारागिरींत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाला रोजचे पाचशे मिळाले, अवजारांसाठी पंधरा हजारांचं व्हाउचर, आणि पहिलं कर्ज एक लाख, पाच टक्क्यांनी, अठरा महिन्यांसाठी. हप्ता ५,७७८. तेवढा आकडा ऐकून २०१३ ची मी पळून गेले असते. पण आता वहीत अकरा वर्षांचे आषाढ लिहिलेले होते. सर्वांत वाईट आषाढातही डब्यातल्या साठ्यासकट हप्ता जातो, हे मी आधी मांडून बघितलं. पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये पडेल अशा बेतानं अर्ज केला. पुढची खोली भाड्यानं घेतली, दुसरी जुकी आणली, कमी वीज खाणाऱ्या सर्वो मोटरची. दोघी जणी कामाला येतात. त्यातली एक समोरच्या काकूंची सून आहे. काकूंचे डोळे आता साथ देत नाहीत, तरी नऊवारीच्या काठाला टाका घालायचा असला की त्या सुनेच्या शेजारी येऊन बसतात.

परवाच्या बैठकीत गटातली सर्वांत लहान मुलगी उठली. वीस हजार हवेत, मशीन घ्यायची आहे, मार्चमध्ये. तिनं पंधरा दिवसांची वही आणली होती. फॉल-पिकोच्या नोंदी, ब्लाऊजच्या नोंदी, दोन ठिकाणी खाडाखोड. सगळ्यांनी वही फिरवून बघितली. अध्यक्षा काकूंनी चष्मा पुसून आकडे वाचले आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं पंचांग काढून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि मे महिना उघडायला सांगितलं. तिनं बोट फिरवत फिरवत नेलं आणि थांबली. १७ मे ते १५ जून, अधिक ज्येष्ठ. २०१८ सारखाच.

"मग ताई, घेऊ नको का?"

"घे. पण मार्चमध्ये नको, आत्ता घे. हात बसू दे, पुढची लग्नं गाठ, आणि मे यायच्या आत डब्यात तीन हप्ते टाक."

तिनं वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले आणि वर लिहिलं, फेब्रुवारी.